वाळूवरची शर्यत आणि माझं घड्याळ

यंदा आमच्या किनाऱ्यावरच्या शर्यतीचं दहावं वर्ष. गेल्या बुधवारी सकाळी कमिटीची चार पोरं घरी आली, ओटीवर बसली, मी केलेला पाणचट चहा तोंड वाकडं न करता प्यायली आणि म्हणाली, "सर, स्मरणिका काढतोय. शर्यतीचा इतिहास तुम्हीच लिहा. सगळ्यांच्या वेळा तुमच्याकडेच आहेत." चौघांपैकी तिघं माझ्या हाताखालून गेलेली. एकाला अपूर्णांक येत नाहीत म्हणून मी सातवीत वर्षभर पहिल्या बाकावर बसवलं होतं. तो आता कमिटीचा अध्यक्ष आहे. देवाची करणी आणि नारळात पाणी, दुसरं काय!

मी लगेच हो म्हणालो. खरं सांगायचं तर कुणीतरी काहीतरी मागायला घरी आलं याचाच आनंद झाला. बायको जाऊन दहा-अकरा वर्षं झाली. एकुलती एक मुलगी कोइमतूरला नोकरी करते. मी शाळेतून निवृत्त झालो, त्यालाही पाच वर्षं होतील. सकाळी वाडीत पडलेल्या सुपाऱ्या गोळा करायच्या, वाटीभर भात लावायचा, दुपारी टीव्हीवर कुठल्या तरी जुन्या क्रिकेटच्या मॅच बघायच्या. परवा तर कुकरची शिट्टी झाली आणि मी त्याला "आलो रे बाबा" म्हणालो. इतका एकटा पडलोय मी, आणि हे लिहायला मला लाज वाटत नाही.

तर पोरं गेल्यावर वह्या काढल्या, चष्मा पुसला आणि लिहायला बसलो. पहिली तीन वर्षं भराभर झाली. चौथ्या वर्षापाशी पेन थांबलं. त्या वर्षाचा निकाल खोटा आहे. तो मीच खोटा केला, आणि ज्या पोरीची वेळ मी फळ्यावर चुकीची लिहिली, ती माझी स्वतःची मुलगी. मजकूर सोमवारी छापायला जायचा होता. आजवर हे मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं, तिलाही नाही.

पण आधी शर्यत म्हणजे काय, ते सांगायला हवं. आमच्याकडे होळीनंतर किनाऱ्यावर बैलगाड्यांच्या शर्यती व्हायच्या. मग त्यांच्यावर बंदी आली. होळीला मुंबईहून आलेली माणसं नुसती पत्ते कुटत बसायला लागली. तेव्हा बोर्ली पंचतनला गॅरेज असलेल्या आमच्या मिस्त्रीच्या डोक्यातून ही कल्पना निघाली. मिस्त्री स्वतः जुना बैलगाडीवाला. तो म्हणाला, "बैल न्हाय तर न्हाय. इंजिनाला कुनाची बंदी हाय का?" एका माणसापुरती गाडी बनवायची, चाकं उघडी, वर छप्पर नाही, इंजिन स्कूटरचं किंवा रिक्षाचं. चालवणारा अठरा वर्षांच्या आतला. मोठ्यांच्या हातात दिली तर पैजा लागतील आणि डोकी फुटतील, असं मिस्त्रीचं म्हणणं. गावात त्या गाडीला नुसतं 'एकसीट' म्हणतात.

पहिल्या वर्षी तीन गाड्या आल्या. एक मिस्त्रीच्या गॅरेजची. एक मुरूडच्या पोरांनी आगरदांड्याहून दिघीला फेरीबोटीतून आणली होती, ती उतरतानाच धक्क्यावर तिचं एक चाक निखळलं. तिसरीला शेतातल्या पंपाचं इंजिन होतं, तिने नुसता धूर केला. तरीही हजारेक माणूस लोटलं होतं. धूर बघूनही लोकांनी शिट्ट्या मारल्या. आपल्याकडे माणसांना जमायला कारण लागतं, बस्स.

माझं काम वेळेचं. त्याची दोन अंगं. एक म्हणजे शर्यतीची वेळ ठरवणं. वाळूवर गाडी पळवायची तर पाणी मागे गेलेलं हवं. आमच्याकडे भरती काढायचा हिशेब साधा आहे, तिथीला पाऊणने गुणायचं. होळीनंतरची चतुर्थी, चार पाऊणे तीन, म्हणजे तीनला भरती आणि नऊला पूर्ण ओहोटी. पाऊणकी मी शाळेत पोरांकडून घोकून घ्यायचो तेव्हा पालक म्हणायचे, कॅलक्युलेटरच्या जमान्यात हे कशाला? आता घ्या! सात वाजता मी चपला काढून किनारा चालायचो आणि टाच दाबून बघायचो. टाचेभोवतीची ओली वाळू क्षणभर कोरडी दिसली की ती जागा गाडीला चांगली. पाय रुतला की तिथे चुन्याच्या फक्कीने फुली. साडेअकरापर्यंत सगळं आटपायचं, कारण पाणी कुणासाठी थांबत नाही.

दुसरं अंग म्हणजे स्टॉपवॉच. शाळेच्या क्रीडास्पर्धांचं, पिवळ्या दोरीचं. एका वेळी एकच गाडी सोडायची. ती खाडीच्या तोंडाशी ठेवलेल्या ड्रमाला वळसा घालून परत रेषेवर यायची. सुटताना मी बटण दाबायचो, आल्यावर दाबायचो, आणि आकडा शाळेतून आणलेल्या फळ्यावर खडूने लिहायचो. घड्याळ माझ्याशिवाय कुणी बघत नसे. कुणी बघायला मागितलंही नाही. "सरांचं घड्याळ" म्हटलं की विषय संपला. हा विश्वास मी तीस वर्षं पोरांच्या पेपरांवर लाल रेघा मारून मिळवला होता, आणि मला त्याचा माज होता. होय, माजच.

मुलगी नववीत असताना तिची आई गेली. त्यानंतर घरी आम्ही दोघं, आणि मी काही बोलका बाप नव्हे. शाळा सुटली की ती मिस्त्रीच्या गॅरेजात जाऊन बसायची. आधी पाने उचलून द्यायची, मग नट खोलायला लागली, मग एक दिवस मला म्हणाली, "बाबा, मी एकसीट चालवणार." मी म्हणालो, "आणि हातपाय मोडले तर?" ती म्हणाली, "तर तुम्ही आहातच ना भात लावायला." मला हसू आलं. त्या वर्षात मी पहिल्यांदा हसलो असेन. शर्यतीत उतरलेली ती पहिली मुलगी. दुसऱ्या वर्षी पाचवी आली, तिसऱ्या वर्षी दुसरी. पहिला नंबर मिस्त्रीच्या मुलाचा. दोघं एकाच गॅरेजात, एकाच माणसाकडून शिकलेली.

मी तिचा वर्गशिक्षक होतो तेव्हाही तिच्यावर जास्तच कडक असायचो. इतरांना अक्षराबद्दल नुसती ताकीद, तिचा अर्धा गुण कापायचो. शिक्षकांच्या मुलांचं हे असंच असतं. पोर हुशार असलं तर लोक म्हणणार, बापाने पेपर दाखवला असेल. म्हणून बाप आधीच हात आखडता घेतो. त्यात मला काही चूक वाटत नव्हती, उलट अभिमान वाटायचा.

चौथं वर्ष. पुढच्या होळीपर्यंत ती अठरा पूर्ण करणार होती, म्हणजे ही तिची शेवटची शर्यत. आणि त्याच वर्षी पुण्याहून एक गृहस्थ आले. मुलांसाठीच्या खऱ्या एकसीट रेसिंग गाड्यांचा संघ होता त्यांचा. दक्षिणेत पक्क्या ट्रॅकवर त्यांच्या गाड्या पळायच्या. त्यांनी माइक घेऊन जाहीर केलं की आज जो पहिला येईल त्याला ते तिकडे नेणार, खरी गाडी चालवायला देणार, आणि चाललं तर संघात ठेवणार. मी मुलीकडे पाहिलं. तिने हेल्मेट छातीशी धरलं होतं आणि ती एकदाही हसली नाही. तिला ते किती हवं होतं हे मला तेव्हा कळलं.

प्रमुख पाहुणे उशिरा आले. आले ते आले, वर चाळीस मिनिटं भाषण! मी दोनदा चिठ्ठी पाठवली की पाणी फिरलंय. त्यांना वाटलं, मी टाळ्या वाजवायला सांगतोय. अखेर गाड्या सुटायला लागल्या तेव्हा दहा वाजून गेले होते. मिस्त्रीचा मुलगा शेवटून दुसरा सुटला. एक मिनिट बारा पॉइंट सहा. किनाऱ्यावर नुसता कल्ला. सगळ्यांत शेवटी माझी मुलगी.

ती रेषेवर येऊन उभी राहिली तेव्हा माझ्या मागे कुणीतरी म्हणालं, "मास्तराचीच पोर, मास्तराचंच घड्याळ. लागला नंबर!" आणि चारपाच जण हसले. थट्टाच होती ती. आमच्याकडे लग्नात नवऱ्यालासुद्धा सोडत नाहीत, तिथे माझं काय! पण माझे कान तापले.

झेंडा पडला, मी बटण दाबलं. गाडी लांब जाऊन ठिपक्याएवढी झाली, ड्रमाला वळली आणि परत यायला लागली. ओल्या वाळूवर पाण्याची पातळ साय आली होती, तिच्यातून ती पाणी उडवत आली. रेषा ओलांडली. मी दाबलं. एक मिनिट बारा पॉइंट दोन.

ती पहिली आली होती. माझी मुलगी पहिली आली होती. मी त्या आकड्याकडे बघत राहिलो. मनात आलं, पोटच्या पोरीची गाडी बघून माझा अंगठा उतावळा झाला असणार. झालाच असणार. बापाचा अंगठा तो. म्हणजे खरी वेळ याहून जास्त असेल. किती? अर्धा सेकंद? पुन्हा पळवायची सोय नव्हती, पाणी फुलीपर्यंत आलं होतं आणि पोरं ड्रम उचलून आणत होती. मागचे सगळे फळ्याकडे बघत होते. मी खडू घेतला आणि लिहिलं, बारा पॉइंट आठ. मग बटण दाबून घड्याळ शून्यावर आणलं.

कुणी एक शब्द काढला नाही. उलट जो थट्टा करत होता तो पुढे येऊन म्हणाला, "सर, मानलं तुम्हाला!" मिस्त्री तेवढा डोकं खाजवत म्हणाला, "मला तर आवाज बिगीनं आल्यावानी वाटला. पन घड्याळ तुमचं. व्हय." त्याचा मुलगा लोकांच्या खांद्यावर बसून मिरवला. माझी मुलगी हेल्मेट काढून फळ्यासमोर उभी राहिली, तो आकडा तिने वाचला आणि ती गाडी धुवायला विहिरीकडे घेऊन गेली. खारं पाणी लगेच धुवावं लागतं, नाहीतर गंज धरतो. संध्याकाळी मी वहीत खरा आकडा पेन्सिलने लिहून ठेवला. कशासाठी, ते मला आजही सांगता येत नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं असेल.

मिस्त्रीचा मुलगा दक्षिणेत गेला आणि तीन दिवसांत परत आला. मान दुखते म्हणाला, आणि तिथलं जेवण चालत नाही म्हणाला. आता तो बापाचं गॅरेज बघतो, सुखात आहे. माझ्या मुलीने त्या दिवसानंतर एकसीटला हात लावला नाही. बारावी केली, पुण्याला डिप्लोमा केला, आणि कोइमतूरला एका वर्कशॉपमध्ये लागली. तिथे शर्यतीच्या गाड्या तयार करतात. वर्षातून एकदा येते, दोन दिवस राहते. दर रविवारी दुपारी फोन करते. "जेवलात का? गोळ्या घेतल्या? वाडीत माकडं आली का?" चार मिनिटं, की संपलं. मी इतकी वर्षं धरून चाललो होतो की तिला सगळं कळलंय आणि तिने माझ्यावर राग धरलाय. बरोबरच आहे, असंही मी स्वतःला म्हणायचो. त्या रागाची मला सवय झाली होती. निदान काहीतरी होतं आमच्यात.

शर्यत मात्र चालू राहिली. मधली दोन वर्षं साथीमुळे बुडाली. मग बैलगाड्यांवरची बंदी उठली आणि सगळे म्हणाले, आता एकसीट बंद पडणार. पण पडली नाही, बैलगाड्या तृतीयेला आणि एकसीट चतुर्थीला, अशी वाटणी झाली. गेल्या वर्षीपासून वेळ मोजायला यंत्र आलंय. रेषेच्या दोन्ही बाजूंना दांड्या उभ्या करतात, गाडी गेली की आकडा आपोआप पडद्यावर. मला खुर्ची देतात, शाल देतात, आणि सावलीत बसवतात. भरतीची वेळही आता मोबाइलवर बघतात. मी टाच दाबून आलो तर पोरं म्हणतात, "सर, कशाला त्रास घेता?" त्रास! अरे, तेवढंच तर होतं माझ्याकडे.

शनिवारी सकाळी मी ठरवलं की खरा आकडा लिहायचा. पण त्या वर्षीचा कप मिस्त्रीच्या गॅरेजात, देवाच्या फोटोशेजारी ठेवलेला आहे, तेव्हा आधी त्याला सांगायला हवं. रिक्षाने बोर्लीला गेलो. मुलगा एका जीपखाली होता, तोही बाहेर आला. दोघांना उभ्याउभ्या सगळं सांगितलं. मुलगा हातातलं फडकं पिळत राहिला, मग "मी पण तेव्हा तिलाच पयली समजत होतो, सर," एवढंच बोलला. मिस्त्रीने मला स्टूल दिलं.

"कप न्या की. त्यात काय हाय!" तो म्हणाला. "पन गुरुजी, माझ्याकडं कशाला आलात? पोरीला सांगितलंत का?"

मी चष्मा काढून पुसायला लागलो.

"न्हाय ना? मग छापून काय उपयोग? ती पुस्तकात वाचनार का तिचा बाप काय बोलला ते?"

मिस्त्री चौथी शिकलेला आहे. मला तीस वर्षांत कुणी एवढं सरळ सुनावलं नव्हतं. मी त्याच रिक्षाने परत आलो.

काल रविवार. दुपारी एक वाजता फोन वाजला. "जेवलात का?" म्हणाली. मी म्हणालो, "थांब. आज मला बोलू दे." आणि सांगितलं. बारा पॉइंट दोन होते, मी आठ लिहिले. लोक हसले म्हणून. अंगठ्याचं कारण काढलं, पण ते कारण नव्हतं, मी घाबरलो होतो. एका दमात बोललो आणि वाट बघत राहिलो की आता ती इतक्या वर्षांचं सगळं काढेल. काढायलाच हवं होतं.

मला वाटलं, फोन कट झाला.

"तुला माहीतच असेल," मी म्हणालो. "म्हणूनच तर तू येत नाहीस."

"मला कुठे माहीत होतं, बाबा?" ती म्हणाली. "मी येत नाही कारण सुट्टी मिळत नाही. आणि आले की तुम्ही बोलत नाही."

मी चालू असलेला टीव्ही बंद केला.

"त्या दिवशी घरी येताना मी तुम्हाला विचारलं होतं, वेळ कुठे गेली म्हणून. काय म्हणालात आठवतंय?"

नव्हतं आठवत. देवाशपथ नव्हतं.

"तुम्ही म्हणालात, ड्रमाच्या वळणावर कच खाल्लीस."

मी असं म्हणालो असेन. काहीतरी सांगायला हवं म्हणून म्हणालो असेन आणि पुढच्या क्षणी विसरलो असेन.

"मला तर वाटलं होतं मी चांगली वळले," ती म्हणाली. "पण घड्याळ तुमचं. मग मी ठरवलं की आपल्याला भीती वाटते आणि वाटलेली कळतसुद्धा नाही. अशा माणसाने गाडी चालवू नये. म्हणून सोडली. राग नव्हता हो, बाबा. मी तुमचं ऐकलं." मग म्हणाली, "इथे रोज पोरं येतात. गाडीतून उतरली की विचारतात, अक्का, वेळ कुठे गेली? मी कॉम्प्युटरवर बघून त्यांना वळण दाखवते. आणि माझं ते वळण मी अजून घेते. झोप लागत नाही तेव्हा डोळे मिटून घेते. कुठे कच खाल्ली, ते शोधत असते."

मी खाली फरशीवरच बसलो.

"म्हणजे मी कच नव्हती खाल्ली?" तिने विचारलं. आवाज सतरा वर्षांच्या पोरीचा.

"नाही."

"नक्की?"

"नक्की गं बाळा. कुठेच नाही. तू सगळ्यांत छान वळलीस. तू पहिली आली होतीस."

पलीकडे ती रडत होती. मी रडत होतो. पंचवीस वर्षांची माझी पोरगी, तिला नीट श्वासही घेता येत नव्हता.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली.

मी पुन्हा सांगितलं.